ट्रेडमिल, क्रॉस आणि माझे अडीच तास

आधीच सांगते, म्हणजे ज्यांचं काम नाही त्यांचा वेळ वाचेल. वजन कमी करायचं असेल, किंवा डॉक्टरांनी 'रोज अर्धा तास घाम गाळा' एवढंच सांगितलं असेल, तर ट्रेडमिल आणि क्रॉस, म्हणजे उभ्याने पॅडल फिरवायचं ते मशीन, यांपैकी ज्याच्यासमोरचा पंखा चालू असेल त्यावर चढा आणि मोकळे व्हा. पुढचं सगळं पळणाऱ्यांसाठी आहे. त्यातही माझ्यासारख्यांसाठी, ज्यांना बाकीचे पळणारे मागून येऊन "चलो मॅडम, बढिया!" म्हणत पुढे निघून जातात.

मी 46 वर्षांची. नारायण पेठेत एका सीएंच्या ऑफिसात एकोणीस वर्षं हिशेब बघते, म्हणजे दिवसाचे नऊ तास खुर्ची. राहायला सिंहगड रोडला, माणिकबागेत. गेल्याच्या आदल्या वर्षी डिसेंबरमध्ये पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनमध्ये अर्ध मॅरेथॉन केली, 21.1 किलोमीटर. 'केली' म्हणजे सणस मैदानावरून निघाले आणि 2 तास 48 मिनिटांनी परत आले. शेवटचे पाच किलोमीटर चालतच. मुलगी म्हणाली, "आई, चालायचंच होतं तर पर्वती काय वाईट होती? 103 पायऱ्या, आणि वर देवदर्शन." ते लागलं मनाला. पुढच्या वर्षी अडीच तासांत यायचंच असं ठरवलं. अठरा मिनिटं कमी करायची म्हणजे किलोमीटरमागे 51 सेकंद. सात मिनिटं सहा सेकंदांत एक किलोमीटर, असे एकवीस. मशीनच्या भाषेत ताशी 8.44.

जूनमध्ये पाऊस लागला आणि रस्ता हातचा गेला. आमच्याकडे पावसाळ्यात पहाटे पळायचं म्हणजे कुठल्या डबक्याखाली खड्डा आहे ते पायाने शोधायचं. म्हणून जिम लावली. घराजवळच, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर, तीन महिन्यांचे साडेचार हजार. तिथे चार ट्रेडमिल. त्यातल्या एकीवर कायम 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला. आणि कोपऱ्यात एक क्रॉस. क्रॉस म्हणजे क्रॉस ट्रेनर, यूट्यूबवरचे लोक ज्याला एलिप्टिकल म्हणतात तो. आमच्या जिममध्ये 'एलिप्टिकल' म्हटलं तर ट्रेनर मुलगा दोन सेकंद विचारात पडतो. ट्रेडमिलसाठी सकाळी सहाला रांग असते, क्रॉस रिकामा असतो. त्यावर बहुतेक वेळा ट्रेडमिलचा नंबर यायची वाट बघणाऱ्या बायका टेकलेल्या असतात, पाय पॅडलवर, बोटं मोबाइलवर.

पहिले तीन आठवडे मीही रांगेतच उभी राहिले. पळायचंय तर पळायचं मशीन, यात विचार कसला करायचा! जिममधली ट्रेडमिल दणकट आहे. पट्टा लांबरुंद, मोटर एसी, तासभर चालली तरी आवाज बदलत नाही. पहिल्या दिवशी उतरल्यावर जमीनच पुढे सरकतेय असं वाटलं आणि मी डंबेलच्या स्टँडला धरून उभी राहिले. हे सगळ्यांना होतं म्हणे, आणि चार दिवसांत जातं. गेलं.

ट्रेडमिलचा मोठा गुण हाच की ती तुम्हाला विचारत नाही. वेग लावला की पट्टा चालला. आता पाय उचला नाही तर मागच्या भिंतीवर जा. रस्त्यावर मी कंटाळले की नकळत हळू होते, आणि घड्याळ बघितल्यावर कळतं की गेला किलोमीटर साडेआठ मिनिटांचा झाला. इथे ती सोय नाही. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर ट्रेडमिल म्हणजे टीडीएस. तुमच्या हातात पडायच्या आधीच कापून घेतलेलं. क्रॉस म्हणजे सेल्फ असेसमेंट. तुमचं तुम्हीच ठरवायचं किती भरायचं, आणि माणूस स्वतःच ठरवतो तेव्हा किती भरतो ते मी एकोणीस वर्षं बघतेय.

तर तीन आठवडे मी रोज पळाले. रोज. हीच चूक. आठवड्यात तीन दिवस रस्त्यावर पळणारी बाई मशीन मिळालं म्हणून सहा दिवस पळायला लागली. पाऊस नाही, कुत्री नाहीत, अंधार नाही, मग थांबायचं कशाला? जूनच्या शेवटच्या आठवड्यात डाव्या नडगीची आतली बाजू ठणकायला लागली. आधी सुरुवातीची पाच मिनिटं दुखायचं आणि मग थांबायचं. मग थांबेना. मग ऑफिसचा जिना चढतानाही दुखायला लागलं. आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि इमारत नारायण पेठेतली असल्यामुळे लिफ्टचा प्रश्नच येत नाही.

फिजिओथेरपिस्टने नडगीच्या हाडावरून अंगठा दाबत वरून खाली आणला. दुखणं वीतभर पसरलंय की एका बोटाखाली मावतंय, हे ती बघत होती. पसरलेलं असेल तर बहुधा ताण, एकाच बिंदूवर असेल तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायची, मग पुढच्या तपासण्या. माझं पसरलेलं निघालं. पळणं चार आठवडे बंद. मी विचारलं, "मग डिसेंबरचं काय?" ती म्हणाली, "ताई, क्रॉस आहे ना जिममध्ये?"

आणि असा मी कोपऱ्यातल्या त्या मशीनशी संसार मांडला.

हे मशीन तसं तरुण आहे. ट्रेडमिलवर माणसं कित्येक दशकं धावतायत, पण क्रॉस बाजारात आणला तो प्रेकॉर नावाच्या कंपनीने 1995 साली. म्हणजे मी दहावीची परीक्षा देत होते तेव्हा. मोठे पॅडल, त्यावर पाऊल ठेवायचं, आणि ते पाऊल लंबगोल फिरत राहतं. उचललं जात नाही, आपटलं जात नाही. हीच त्याची जादू आणि हीच त्याची गोम. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो. मी 64 किलोची, म्हणजे दर पावलाला सव्वाशे ते दोनशे किलोच्या मधलं काहीतरी. मिनिटाला साधारण 165 पावलं. अडीच तासांत जवळजवळ पंचवीस हजार. क्रॉसवर हा दणका बसतच नाही. पहिल्याच दिवशी चाळीस मिनिटं केलं, नडगीने हूं की चूं केलं नाही. मला रडूच यायचं बाकी होतं.

पण दुखत नाही म्हणून सोपं आहे असं मानू नका. त्या टेकून उभ्या राहणाऱ्या बायकांकडे बघून माझाही तसाच समज होता. रेझिस्टन्स, म्हणजे पॅडलचा जडपणा, तीनवर ठेवून केलं तर खरंच झोपाळ्यासारखं वाटतं. नऊवर नेऊन, हलणारे दांडे हातांनी खेचत, ढकलत, मिनिटाला दीडशेच्या वर पावलं ठेवली, की दहाव्या मिनिटाला टी-शर्ट पिळावा लागतो. मी छातीला बांधायचा पट्टा घेतला होता, ठोके मोजायला. दांड्यावरच्या चकत्या पकडून जे आकडे येतात ते सोडून द्या. हलत्या हाताला ते कधी 90 दाखवतात, कधी 190. छातीच्या पट्ट्याने सांगितलं की क्रॉसवर नऊ नंबरला माझे ठोके 150 च्या आसपास राहतात. जूनमध्ये ट्रेडमिलवर आठच्या वेगाला 158 होते. म्हणजे हृदयाच्या दृष्टीने कामात फारसा फरक नव्हता.

त्याच्या तक्रारीही सांगते. मी पाच फूट एक इंच. आमच्या क्रॉसची टांग, म्हणजे एका पावलाची लांबी, पक्की ठरलेली आहे, वीसेक इंचांची, ती कमी-जास्त होत नाही. उंच माणसाला ती तोकडी वाटत असेल, मला ताणल्यासारखी. दोन पॅडलमधलं अंतरही मोठं, त्यामुळे पहिला आठवडा मांडीच्या सांध्याला बाहेरून कळ लागायची. आणि वीस मिनिटांनंतर पायाच्या बोटांना मुंग्या. पाऊल उचललंच जात नाही, एकाच जागी दाबून राहतं, म्हणून. बुटाची नाडी सैल केली आणि दर पाच मिनिटांनी टाचेवर भार घेतला की बरं वाटायचं. उलटं फिरवायचीही सोय आहे. ट्रेनर म्हणाला, "मॅडम, त्याने मागचे मसल लागतात." मला त्याने फक्त गरगरलं.

आणि तो कॅलरीचा आकडा! चाळीस मिनिटांनंतर पडदा म्हणतो 510. मशीनने माझं वजन विचारलंच नव्हतं. कुणाचं वजन गृहीत धरलंय देव जाणे, माझ्या नवऱ्याचंही तेवढं नसेल. किलोमीटरचं तेच. क्रॉसवरचा किलोमीटर हा पॅडलच्या फेऱ्यांना कुठल्यातरी आकड्याने गुणून काढलेला असतो, त्याचा रस्त्यावरच्या किलोमीटरशी काही संबंध नाही. मी एका दिवशी 'सात किलोमीटर' केले, आणि ते खरे असते तर मी डिसेंबरची वाट न बघता तेव्हाच बक्षीस घेऊन आले असते. अशी एंट्री आमच्या ऑफिसात कुणी आणली तर मी आधी व्हाउचर मागते. क्रॉसवर फक्त दोनच गोष्टींवर विश्वास ठेवा, मिनिटं आणि ठोके. बाकी पडदा टॉवेलने झाका. मी झाकायचे.

एक गोष्ट मात्र त्याची मनापासून आवडली. जुलैत एकदा सकाळी साडेसहाला लाइट गेली. तिन्ही ट्रेडमिल थांबल्या, पळणारे तिघं दांडे पकडून एकमेकांकडे बघत उभे. आमचा क्रॉस पॅडलच्याच जोरावर चालणारा, भिंतीत वायर नाही. पडदासुद्धा चालू. अंधारात मी एकटी फिरत होते, गिरणीतल्या दिव्यासारखा तो हिरवा आकडा समोर. जुलै म्हणजे आमच्याकडे रिटर्नचा महिना, 31 तारीख डोक्यावर, रात्री नऊपर्यंत ऑफिस. त्या महिन्यात पहाटेची ही चाळीस मिनिटं चुकली नाहीत याचं श्रेय मी क्रॉसलाच देते. ट्रेडमिलचा नंबर लागायची वाट बघायला लागली असती तर आठवड्यात दोनदा तरी घरी परतले असते.

ऑगस्टच्या सुरुवातीला फिजिओने परवानगी दिली. अट एवढीच: एक मिनिट पळायचं, एक मिनिट चालायचं, एक दिवसाआड. मी मान डोलावली आणि ट्रेडमिलवर जाऊन आठच्या वेगाने सलग तीस मिनिटं पळाले. कारण इतकं सोपं वाटत होतं! ठोके 151. जूनपेक्षा सात कमी, महिनाभर एक पाऊलही न पळता. मी इतकी खूश, की जाताना ट्रेनरला म्हटलं, "क्रॉसची जाहिरात करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि परत वर घेतला. दोन्ही पोटऱ्या दगड. तीन दिवस मी भिंतीला धरून चालले. सासूबाई म्हणाल्या, "या वयात काय मेलं ते." आणि हीच गोष्ट मला या सगळ्या लेखात सांगायची आहे, बाकी सगळं त्याच्याभोवतीचं पाल्हाळ. क्रॉसने माझं हृदय, फुप्फुसं जपून ठेवली होती, उलट थोडी सुधारलीच. पण पोटरीला, घोट्याला, टाचेवरच्या दोरीसारख्या शिरेला आणि हाडाला त्या महिन्यात कुणी कामच दिलं नव्हतं. दणका सोसायचं काम दणका खाऊनच शिकतात ते. श्वास म्हणतो चल, पाय म्हणतात आम्ही कुठे तयार आहोत. आणि श्वासाचं ऐकलं की परत नडगी. ज्याला फक्त दम वाढवायचाय त्याला क्रॉस पुरतो. ज्याला पंचवीस हजार पावलं डांबरावर टाकायचीयत त्याला नाही पुरत. मग फिजिओचं निमूटपणे ऐकलं, एक मिनिट पळ, एक मिनिट चाल. सलग अर्ध्या तासावर यायला तीन आठवडे लागले.

सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटची गडबड, शेवटची तारीख 30. त्यात गणपती, ढोल-ताशांचा सराव, आणि नारायण पेठेतून घरी पोचायला दीड तास. सकाळी जिमला जायचं तर साडेचारला उठायला हवं. म्हणून नवऱ्याने सुचवलं, घरीच भाड्याने ट्रेडमिल आणू. महिना अडीच हजार, डिपॉझिट पाच हजार. ज्यांच्याकडून आणली त्यांचं नाव घेत नाही. वाद मिटलाय, परत उकरत नाही. पण यातून जे शिकले ते घेऊन ठेवा.

जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, मोटर 4 एचपी. मशीन आल्यावर खालच्या स्टिकरवर बारीक अक्षरात दिसलं: पीक. म्हणजे क्षणभर ओढू शकेल ती ताकद. सलग चालताना किती, ते वेगळं असतं, आणि पळणाऱ्याने तोच आकडा विचारायचा. आमच्याकडच्या मशीनचा तो पावणेदोन निघाला. चालायला उत्तम. मी साडेआठच्या वेगाने पळायला लागले की प्रत्येक पाऊल पडताना पट्टा किंचित अडकायचा आणि पुढच्या क्षणी सुटायचा. गचका, गचका, गचका. पट्टा 120 सेंटिमीटर लांब आणि 42 रुंद; मी बुटकी असूनही पाय मागे जाताना कड जाणवायची, आणि मग आपण घाबरून पावलं आखूड टाकायला लागतो. ही घाबरट सवय मला नको होती. पळण्यासाठी घेत असाल तर 140 बाय 50 च्या खाली बघूच नका, जागा लागली तरी.

शिवाय पट्ट्याखाली सिलिकॉन ऑइल घालावं लागतं हे सांगायला कुणी आलं नाही. नवव्या दिवशी जळका वास आला आणि घराचा एमसीबी पडला. त्याच दिवशी संध्याकाळी खालच्या काकू वर आल्या. त्या बिचाऱ्या आठ दिवस गप्प होत्या. म्हणाल्या, "अगं, पहाटे पाचला आमच्या डोक्यावर कोण उखळात कांडतंय असं वाटतं. ह्यांना तर वाटलं, गणपतीच्या दिवसांत तुमच्याकडे चकल्यांची भाजणी चाललीये." मी खाली रबराची मॅट घातली होती. काही उपयोग झाला नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने घरी काही ठेवायचंच असेल तर ते क्रॉसच असावं, एवढं त्याच्या बाजूने नक्की. त्याचा आवाज पंख्याइतका. मशीन परत गेलं, डिपॉझिट 23 दिवसांनी आलं, त्यातून बाराशे 'वाहतुकीचे' कापून. पावती मागितली, ती अजून यायचीय.

ऑक्टोबरमध्ये परत जिमला, आणि तिथे मी तो उद्योग केला ज्यामुळे ट्रेनर मला आता थोडा घाबरतो. मला शंका होती की ट्रेडमिल आठ दाखवते तेव्हा ती खरोखर आठने चालते का. रस्त्यावर तोच वेग मला जड जायचा. ट्रेनरचं म्हणणं, "मॅडम, चढ 1 टक्का ठेवा, मग रस्त्यासारखं होतं." हा 1 टक्का सगळ्या जिममध्ये मंत्रासारखा म्हणतात. तो आला 1996 च्या एका अभ्यासातून, जोन्स आणि डाउस्ट यांच्या. खोलीत समोरून वारा लागत नाही, तो वारा कापायची मेहनत भरून काढायला थोडा चढ. पण त्यांनी तपासले ते ताशी साडेदहा किलोमीटरपासून पुढचे वेग. माझ्या साडेआठला समोरून लागणारा वारा म्हणजे फुंकर. त्यामुळे चढ बिढ ठीक आहे, पण माझं दुखणं वेगळं होतं.

रविवारी दुपारी जिम रिकामी असते. ऑफिसातला व्हाइटनर घेऊन गेले, भिंतीकडच्या ट्रेडमिलच्या पट्ट्याच्या कडेला एक खूण केली, शिंप्याच्या टेपने पट्ट्याची पूर्ण लांबी मोजली. 3.30 मीटर. मी आठच्या वेगाने पळत राहिले, कारण रिकामा पट्टा आणि माणूस वर असलेला पट्टा वेगळे चालतात, आणि मुलीने मोबाइलवर व्हिडिओ काढला. पन्नास फेऱ्या म्हणजे 165 मीटर. आठच्या वेगाने त्याला सव्वाचौऱ्याहत्तर सेकंद लागायला हवेत. लागले 77. म्हणजे खरा वेग ताशी 7.7. मी चार महिने दर तासाला तीनशे मीटर न पळता खात्यात जमा करत होते! बाजूच्या दोन्ही मोजल्या. खिडकीजवळची याहून वाईट, मधली जवळजवळ बरोबर. तेव्हापासून मी मधलीच धरते. ती नसेल तर भिंतीकडची 8.8 वर लावते, म्हणजे मला जवळपास माझे 8.44 मिळतात. हे कुणालाही करता येतं, दहा मिनिटांचं काम आहे. व्हाइटनर नंतर पुसला जातो. (ट्रेनर म्हणतो जात नाही.)

त्या शेवटच्या आठ आठवड्यांचं माझं वेळापत्रक असं बसलं. मंगळवारी मधल्या ट्रेडमिलवर वेगाचं काम: तीन मिनिटं ताशी साडेनऊ, दोन मिनिटं चाल, असं सहा वेळा. यासाठी ट्रेडमिलला तोड नाही, कारण तिसऱ्या मिनिटाला मी मनाने सोडून दिलेलं असतं आणि पट्ट्याने नाही. सेफ्टीची ती लाल चिमटी टी-शर्टला लावायची, हसू नका, मी एकदा न लावता गुडघ्यावर आपटलेय. गुरुवारी क्रॉस, पंचेचाळीस मिनिटं, ठोके 140 च्या खाली, डोक्यात दिवसभराची कामं. शनिवारी आराम. रविवारी रस्ता: खडकवासल्याच्या दिशेने जायचं आणि परत, दहा, बारा, चौदा करत अठरापर्यंत. पाऊस गेला होता. ऑक्टोबरची ऊन पडायच्या आतली पहाट, आणि मग नोव्हेंबरची थंडी, त्यात पळताना कान गार पडतात. त्यापुढे पंख्याखालच्या चाळीस मिनिटांचं कौतुक सांगवत नाही. एकदा दिवाळीच्या आठवड्यात तळजाईला गेले, तिथे मोर ओरडत होता आणि मी चढावर चालत होते. वाईट नाही वाटलं.

क्रॉस मी सोडला नाही हे मुद्दाम सांगते. ज्या आठवड्यात नडगी कुरकुरली त्या आठवड्यात मंगळवारचं काम क्रॉसवर केलं, तीच तीन मिनिटं, तोच दम. अशी दोनदा वेळ आली. जूनमध्ये हे कळलं असतं तर ते चार आठवडे वाचले असते. आता कुणी मला विचारलं की अर्ध मॅरेथॉनसाठी दोघांपैकी एकच मशीन निवडायचं तर कुठलं, तर मी ट्रेडमिल म्हणेन, एका दमात. पण ज्या जिममध्ये क्रॉस नाही तिथे पैसे भरणार नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सणस मैदानावर पोचले तेव्हा अंधार होता, सारसबागेच्या बाजूला चहाच्या टपरीवर झुंबड. पहिले बारा किलोमीटर सात मिनिटं पाच सेकंद, सात, सात मिनिटं चार. पट्ट्यावर शिकलेला ठेका पायात इतका बसला होता की घड्याळ बघावं लागत नव्हतं. चौदाव्याला दम शाबूत. सतराव्याला एक उतार लागला आणि तिथे मला दोन्ही मशीनमधली एक त्रुटी कळली, जी सहा महिन्यांत माझ्या लक्षात आली नव्हती. आमच्या ट्रेडमिलला चढ आहे, पंधरा टक्क्यांपर्यंत. उतार नाही. क्रॉसला तर कशाचाच पत्ता नाही. उतारावर शरीर पुढे ढकललं जातं आणि मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावत राहतो. माझ्या मांड्यांनी असा ब्रेक सहा महिन्यांत मनापासून लावलाच नव्हता. रविवारच्या रस्त्यावर उतार यायचे, पण मी ते गप्पा मारत उतरायचे. अठराव्या किलोमीटरला मांड्या थरथरायला लागल्या. ठोके 156, श्वास व्यवस्थित, आणि पाय ऐकेनात. परत तेच, ऑगस्टमधलं, वेगळ्या जागी. उरलेले तीन किलोमीटर पळतच केले, चालले नाही, पण आठ मिनिटांच्या जवळ गेले.

2 तास 31 मिनिटं 20 सेकंद.

सोमवारी ऑफिसला गेले. चढताना काही वाटलं नाही. संध्याकाळी उतरताना पहिल्या पायरीवरच कळलं की गुडघा वाकवून खाली पाय ठेवणं शक्य नाही. कठड्याला दोन्ही हातांनी धरून तिन्ही मजले उलट्या दिशेने उतरले, तोंड भिंतीकडे. दुसऱ्या मजल्यावर सर वर येत होते. थांबले, चष्मा वर केला. "काय हो, जिना उलटा का उतरताय?"

"सर, ऐंशी सेकंदांनी गेलं."

"मग पुढच्या वर्षी ओढा तोटा," म्हणाले आणि वर गेले.

तीन महिन्यांचे पैसे डिसेंबरअखेर संपले, जानेवारीत परत भरले नाहीत. सकाळी तळजाईला जाते, चढ चालत, उतार पळत. बघणारे उलटंच समजतात. जूनमध्ये पाऊस लागला की जिमला परत जाईन, मधल्या ट्रेडमिलच्या रांगेत. तोवर त्या चौथीवरचा कागद निघाला असेल तर तिच्यावरही व्हाइटनरची एक खूण करायची आहे.